हात वर करायचं कडवं

"आधी त्याचा डोळा झाक," मावशी म्हणायची, आणि मी झाकायच्या आत स्वतःच ओट्यावरचं फडकं उचलून माझ्या कॅमेऱ्यावर टाकायची. ओलं फडकं, बरं का. ज्या कॅमेऱ्याला मी घरात कोणाला बोट लावू देत नाही, त्याच्यावर माशाच्या हाताचं ओलं फडकं. मग पाठ न वळवता, माझ्याकडे बघत बघतच ती ताट वाढायची.

अशी बाई तुम्हीही पाहिली असणार. भाजीवाल्याने वजन केलं की पुन्हा करायला लावते, सिलिंडर आला की हलवून बघते, फोन वाजला की उचलते पण समोरचा बोलल्याशिवाय तोंड उघडत नाही. मावशीची ही सगळी लक्षणं होती, वर आणखी दोन-चार. मासे घ्यायला पिंपरीच्या बाजारात जायची तेव्हा कोळणीने ‘ताजा आहे गं, आत्ताच आलाय’ म्हटलं की हिला राग यायचा. "मी बघते की," म्हणायची आणि कल्ले उघडून लाल आहेत का ते बघायची. माणसांच्या बाबतीत तिची हीच तक्रार होती. "माणसाला कल्ले नसतात रे," ती मला एकदा म्हणाली. "नायतर तुझेपण बघितले असते."

तिची खानावळ महाळुंग्यात होती. कंपन्यांच्या मागच्या अंगाला एका जुन्या घरमालकाने पत्र्याच्या खोल्या काढल्या आहेत, त्यातल्या दोन हिच्या. पुढच्या खोलीत पोरं जेवायची, मागच्या खोलीत ती आणि तिचा मुलगा राहायचे. घरमालक माळकरी. मासळीचा वास त्याला सोसत नव्हता, पण भाडं वेळेवर यायचं. तो मला म्हणाला होता, "बाई शिस्तीची हाय. पन कुनावर इस्वास म्हनून न्हाई. मी पानी सोडलं तरी इचारती, का सोडलं."

मी तिथे पोचलो ते कामानं. माझा धंदा म्हणजे कंपन्यांसाठी सुरक्षेच्या फिल्मा करणं. टोपी घाला, पट्टा लावा, मशीन चालू असताना हात आत घालू नका. काळेवाडीत आमचं लहानसं ऑफिस आहे, खाली पंक्चरचं दुकान, वर आम्ही. तर अशाच एका कंपनीत शूटिंग करताना जेवणाच्या सुट्टीत पाहिलं, एका बाकावरची सगळी पोरं सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी खातायत. चाकण पट्ट्यात हे दृश्य जरा निराळं. गाव विचारलं तर सगळ्यांचं एकच गाव, समुद्राकाठचं. म्हटलं, अख्खं गाव इकडे कसं आलं? एक जण म्हणाला, "कंपनीची जेट्टी आली ना आमच्याकडे. आमची खाडी गेली आणि ही नोकरी आली." मग बाजूच्याने त्याला कोपर मारलं आणि तो गप्प झाला.

ते कोपर माझ्या डोक्यातून जाईना. सुरक्षेच्या फिल्मांना कंटाळलेल्या माणसाला एवढं पुरतं. मी ठरवलं, यावर आपली स्वतःची डॉक्युमेंटरी करायची. किनाऱ्यावरची माणसं, त्यांची खाडी, मासळी वाळत घालायची वाळू, आणि तिच्या बदल्यात महाळुंग्यात मिळालेली कंत्राटी शिफ्ट. पोरांना विचारलं तर सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, "मावशीला विचारा."

मावशी काही ताकास तूर लागू देईना. मी रोज जेवायला जायला लागलो. ताट मिळायचं, बोलणं नाही. "कोणी पाठवलं तुला?" हा तिचा ठरलेला प्रश्न. मी म्हणायचो, कोणी नाही. ती म्हणायची, "कोणी पाठवल्याशिवाय कोण येतं?" ती त्याच गावची, पोरांची नात्यागोत्यातली. पण खानावळीत गावाचा विषय निघाला की ती पळी भांड्यावर आपटायची, आणि पोरं ताटात बघायला लागायची.

खरं सांगतो, मलाही तिचा संशय यायला लागला होता. शनिवारी ठेकेदाराची गाडी यायची. ठेकेदार म्हणजे ज्याच्यामार्फत ही पोरं कंपनीत लागली तो. तोच तिकडे जेट्टीवाल्या कंपनीलाही माणसं पुरवायचा. मावशी त्याच्यासाठी भरलेल्या पापलेटचा डबा बांधून ठेवायची, आणि स्वतः गाडीपर्यंत नेऊन द्यायची. आम्हाला मात्र बांगडा. म्हटलं, इथे पाणी मुरतंय राव. ही बाई पोरांवर नजर ठेवायला बसवलेली दिसतेय.

पुढे एका पोराने मोबाइलवर एक क्लिप दाखवली, तेव्हा तर माझी खात्रीच झाली. जेट्टीवाल्यांनी केलेली फिल्म होती ती. ड्रोनने वरून घेतलेला किनारा, सजवलेल्या होड्या, जरीच्या साड्यांतल्या बायका. सगळ्यांच्या पुढे मावशी. ड्रोन खाली येतो, मावशी मागे वळून बायकांना काहीतरी सांगते आणि सगळ्यांचे हात एकदम वर जातात. मागे सनई वाजतेय, आणि एक भारदस्त आवाज म्हणतोय की ग्रामस्थांनी प्रकल्पाचं उत्साहात स्वागत केलं.

"ही जनसुनावणीत दाखवली," पोरगा म्हणाला. "गाव तयार आहे म्हणून. अजून तक्रार चालू आहे आमची, पण ते हीच पुढे करतात. तो नारळी पौर्णिमेचा दिवस होता हो. आमी दर्याला नारळ द्यायला गेलो होतो, स्वागत कसलं."

"मग मावशीने हात का वर करायला सांगितले?"

पोराने मोबाइल खिशात घातला. मग म्हणाला, "तेच गाव विचारतं."

गावाने काय हिशेब मांडला होता तो आता माझ्या लक्षात आला. ड्रोनवाले आले तेव्हा त्यांना नारळीभात वाढला मावशीने. उभं कुठे राहायचं ते दाखवलं मावशीने. हात वर करा म्हणाली मावशी. आणि नंतर कंपनीच्या वशिल्याने सगळ्यात आधी नोकरी लागली ती मावशीच्या मुलाला. तुम्ही त्या गावात असता तर तुम्ही काय समजला असतात? मी तर गावाबाहेरचा, तरी तेच समजलो. विकली गेली बाई.

मी तिच्या गावालाही जाऊन आलो. बऱ्याच जणांनी कॅमेऱ्यापुढे बोलायचं टाळलं, कारण मुलगे इकडे कामाला. एका घराचं दार मी मुद्दाम ठोठावलं. मावशीच्या धाकट्या जावेचं घर. या दोघी जावा एका चुलीवर नांदलेल्या, मावशीचा नवरा गेल्यावरही. बाजारात दोघी मासळीच्या पाट्या घेऊन मांडीला मांडी लावून बसायच्या. त्या पौर्णिमेला जाऊ लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. तिने जे पाहिलं ते सुनावणीच्या पडद्यावरच. मी मावशीचं नाव काढलं.

"तिच्याकडून आलास?" ती म्हणाली.

"तिच्याकडे जेवतो."

"मग तिच्याकडेच जा." आणि दार लावलं.

हे मी येऊन मावशीला सांगितलं. कशी वागते ते बघावं, असा माझा डाव. तिने विचारलं, "घरात आणखी कोण होतं? तिचे गुडघे कसे हायत? चालताना धरत होती का कशाला?" मी म्हटलं, दारातूनच घालवलं तिने, गुडघे कुठले बघतोय. मावशी आत गेली. त्या दिवशी माझ्या ताटात भात वाढायचा राहिला, आणि मीही मागितला नाही.

मध्ये एकदा पोरांच्या हट्टाने ती आळंदीला आली होती, एवढं एकच तिचं बाहेर फिरणं मला आठवतं. दर्शन झालं, मग घाटावर बसलो. इंद्रायणीवर पांढरा फेस आलेला. ती बराच वेळ बघत होती. "हा फेस पाण्याचा नव्हं," म्हणाली. मग विचारलं, "ही जाते कुठं?" मी सांगितलं, भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा पार पूर्वेच्या समुद्राला. तिला ते पटेना. "आमच्या समुद्राला नाय जात?" मी म्हटलं, नाही. "मग निरोपपण नाय देता येत," असं काहीतरी पुटपुटली आणि चपला घालायला उठली. कोणाला निरोप द्यायचा होता, ते मला कळत होतं. तरी मनातला संशय काही गेला नव्हता.

गोष्ट फिरली ती एका दुपारी. पोरं शिफ्टला गेलेली, खानावळ रिकामी. मी लॅपटॉपवर ती जेट्टीवाल्यांची क्लिप माझ्या फिल्मेत कुठे बसवायची ते बघत होतो. सनईने डोकं उठलं म्हणून आवाज बंद केलेला. मागे कधी मावशी येऊन उभी राहिली, कळलं नाही. नंतर समजलं, तिने ती क्लिप कधी पाहिलीच नव्हती. सुनावणीच्या दिवशी लोक ओरडायला लागल्यावर ती मान खाली घालून घरी आली होती, आणि पुढे कोणी दाखवायला गेलं तर तोंड फिरवायची.

"आवाज कुठं गेला आमचा?" ती म्हणाली.

"बंद केलाय. सनई आहे मागे."

"सनई कुणाची? आमी गात होतो." तिने पदराला हात पुसले आणि स्क्रीनच्या अगदी जवळ आली. "सुरवातीपासून लाव."

मी लावली. ती पडद्यावरच्या आपल्याच ओठांकडे बघत हळू आवाजात गायला लागली. नारळाचं गाणं, त्यांच्या गावातलं. आणि राव, तिचा शब्द आणि तिकडचा ओठ बरोबर जुळत होते. तिचेच नाही, मागच्या सगळ्या बायकांचे. मुक्या बायका एकेक करून बोलायला लागल्या. एक कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या तोंडावर मावशी गाता गाता थांबली, मान मागे वळवून रिकाम्या खानावळीला म्हणाली, "हात वर करा गं," आणि पुढे गायला लागली. पडद्यावरची मावशी त्याच क्षणी वळली होती. तेच शब्द बोलली होती. हात वर गेले होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"दर्याला हाक मारायचं कडवं. त्याला हात वर करतात. दरवर्षी मीच सांगते. माझ्या आधी सासू सांगायची."

"पण ड्रोन नेमका डोक्यावर आला तेव्हाच?"

"मी काय मशीनकडं बघून गात होते? कडवं आलं तेव्हा सांगितलं. वर घार असती तरी सांगितलं असतं." मग तिचा आवाज चढला, आणि रागावली की गावची बोली यायची ती आली. "मना काय म्हाईत ते हात कुठं विकणार हायत. नारळीभातपण मीच वाढला. त्या दिवशी किनाऱ्यावर आलेल्याला उपाशी धाडत नाय आमी. चोर असला तरी."

मी क्लिप पुन्हापुन्हा तपासली. शॉट सलग होता, कुठे कापलेला नव्हता. गाणं पहिल्या ओळीपासून लावलं की दरवेळी मावशी त्याच जागी वळायची. मी म्हटलं, मावशी, हे कॅमेऱ्यासमोर गा. गावाची तक्रार उभी राहील. तिने फडकं उचललं आणि कॅमेऱ्यावर टाकलं.

कारण तुमच्या लक्षात आलंच असेल. ती बोलली की ठेकेदार मुलाला गेटवरूनच परत पाठवणार. त्याच्या पापलेटच्या डब्याचा उलगडाही तेव्हाच झाला. "त्याचं तोंड चालू ठेवायचं," ती म्हणाली. "खाणारा माणूस कमी विचारतो." मी म्हटलं, पण न्यायाचा प्रश्न आहे, अख्ख्या किनाऱ्याचा. त्यावर ती जे बोलली ते मी फिल्मेत घातलेलं नाही, इथे सांगतो. "न्यायबियाचं तुमी बघा. समुद्र काय, तो कोणाला जुमानत नाय, त्याचं तो बघंल. मना फक्त जावेनं दार उघडायला पायजे. पण त्यासाठी पोराच्या पोटावर पाय देऊ?"

हा पेच पुढे बरेच दिवस तसाच होता. निकाल लावला तो मुलानेच. तो अबोल, रात्रपाळी करून आलेला, ताटावरून न उठता म्हणाला, "आई, नोकरी दुसरी मिळंल. काकी दुसरी नाय मिळणार. गा तू."

मग मावशीच्या अटी सुरू झाल्या. उजेडात करायचं. मुलगा समोर बसणार. गाणं पुरं घ्यायचं, मध्ये कापायचं नाही. मी सांगायला गेलो की कापणं हेच आमचं काम असतं, तर म्हणाली, "त्यांनीपण कामच केलं." मी नाही कापलं. आणि शेवटची अट, फिल्म कोणालाही दाखवायच्या आधी गावात दाखवायची. ती स्वतः मात्र येणार नव्हती. "मी आले तर ते पडदा सोडून मनाच बघतील."

फडकं तिने आपल्या हाताने काढलं. गायली. गाणं संपल्यावर कॅमेऱ्यात बघून जावेचं नाव घेतलं आणि म्हणाली, "तू नव्हतीस त्या दिवशी. असतीस तर तूपण हात वर केला असतास." बस्स. मी लावलेला माइक तिनेच काढून माझ्या हातात दिला आणि कांदा चिरायला बसली.

गावात जाळी विणायच्या शेडमध्ये, दिवेलागणीला, चादर बांधून फिल्म लावली. लोक आले, पण असे बसले की कधीही उठता येईल. जाऊ सर्वांत मागे, खांबाला टेकून. ती जेट्टीवाल्यांची क्लिप आली तशी कुजबुज सुरू झाली. मग त्याच क्लिपवर सनईऐवजी मावशीचं गाणं सुरू झालं. कुजबुज थांबली. एक म्हातारी बसल्या जागी ओठ हलवायला लागली, मग तिच्या शेजारची. दुसऱ्या कडव्याला अर्धी शेड गात होती, पडद्यावर स्वतःलाच बघत. आणि तिसरं कडवं आलं. मावशी वळली, "हात वर करा गं" म्हणाली, आणि शेडमधल्या बायकांचे हात वर गेले. कोणी ठरवलं नव्हतं. काहींचे अर्ध्यातच थांबले, काय झालं ते कळून. मी जावेकडे बघत होतो. तिचाही हात वर गेला होता. तिने तो चटकन खाली घेतला आणि पदराखाली लपवला.

फिल्म संपली. लोक पांगायला लागले तेव्हा जाऊ माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता रडेल, काही तरी निरोप देईल.

"किती दिले तिला?" तिने विचारलं.

"काय?"

"हे गायला. किती दिलेस?"

मी म्हटलं, एक पैसा नाही. ती म्हणाली, "कोणी पाठवलं तुला?" आणि उत्तराची वाट न बघता गुडघा धरत निघून गेली.

येताना वाटेत मी विचार करत होतो, हे मावशीला कसं सांगायचं. खोटं बोलावं असंही मनात आलं. पण जिने सिलिंडर हलवून बघायचा नेम कधी मोडला नाही, तिच्यापुढे खोटं काय टिकणार? मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. ‘किती दिले’ हेसुद्धा. ती अजिबात दुखावली नाही. "मी असते तर मीपण हेच विचारलं असतं," म्हणाली. मग विचारलं, "तिचा हात वर गेला?"

"गेला. पण लगेच खाली घेतला."

"गेला ना पण?"

"गेला."

तिने माझं ताट पुढे ओढलं. मला न विचारता आणखी एक तुकडी वाढली, पापलेटची. मी तिथे जेवायला लागल्यापासून पहिल्यांदा.

पुढे व्हायचं ते झालं. मुलाचा गेटपास बंद झाला. कारण कोणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. तो आता काळेवाडीत एका गॅरेजमध्ये लागलाय, तिथले मेकॅनिक चाचा त्याला हाताखाली घेऊन शिकवतायत. मी एका शनिवारी महाळुंग्याला गेलो तर खानावळीत दुसऱ्याच बाई. घरमालक म्हणाला, "गेली की. भांडी इकली, चावी दिली. कुटं म्हनून सांगंल तर शपथ." खोली धुऊन काढलेली होती. मासळीचा वास तेवढा राहिला होता, आणि माळकरी घरमालक त्याबद्दल चक्क काही बोलला नाही.

मुलाला विचारलं तर म्हणाला, गावाला गेली, काकीच्या दारात जाऊन बसते म्हणाली, उघडेपर्यंत. पुढचं त्यालाही माहीत नव्हतं, आई फोनवर कुठे काही बोलते. मी बरेच दिवस धीर करत होतो. दार उघडलं नसलं तर त्याला कारण मी, ही भीती. शेवटी एका दुपारी, जेवणाच्या वेळेला, मावशीचा नंबर लावला.

फोन उचलला गेला, पण कोणी बोललं नाही. मीच म्हटलं, "मावशी?"

"कोण?" आवाज मावशीचा नव्हता. मी ओळखला. जावेचा.

"मी तो शूटिंगवाला. महाळुंग्याचा. मावशी आहेत का?"

"कशाला पायजे ती तुला?"

"सहज. बऱ्या आहेत का, विचारायला."

"कोणी सांगितलं विचारायला? पुन्ना कॅमेरा घेऊन येणार असशील तर ती नाय इथं. समजलं? तिला काय विचारायचं नाय. फोन करायचा नाय."

मागून भांड्यांचा आवाज येत होता. त्यातच दुरून मावशीने विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "कोण गं?"

"कोणी नाय," जाऊ म्हणाली. "तू जेव."